डीपीपीएचमध्ये पहिला नंबर, बुरशीपुढे नापास: चूक नेमकी कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने एका औषधी वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचे तीन अर्क काढले: हेक्झेनमधला, मिथेनॉलमधला आणि पाण्यातला. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट गुण मोजणाऱ्या चाचणीत मिथेनॉल अर्काचा आयसी-५० (निम्मं डीपीपीएच शमवायला लागणारं प्रमाण; जितकं कमी तितकं चांगलं) आला १८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, सोबत लावलेल्या ॲस्कॉर्बिक आम्लाचा ६. पाण्याचा अर्क त्याच्या जरा मागे. हेक्झेनचा मात्र ५०० च्याही वर, म्हणून तिने त्याच्यापुढे ‘टाकाऊ’ असं लिहून ठेवलंय. मग कँडिडा अल्बिकन्स आणि ॲस्परजिलस नायगर या दोन बुरशींवर आगर वेल पद्धतीने (बुरशी पसरलेल्या आगरमध्ये वेल, म्हणजे खड्डा, पाडून त्यात अर्क घालायचा; भोवती बुरशी न वाढलेली जागा म्हणजे झोन) तिन्ही अर्क लावले. मिथेनॉल आणि पाणी: झोन शून्य. हेक्झेन: कँडिडावर ११ मिलिमीटर, वेल ८ मिलिमीटरचा. ॲस्परजिलसच्या प्लेटवर तर तुलनेसाठी लावलेल्या फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचाही झोन आला नाही. मार्गदर्शक म्हणतात, प्रयोग पुन्हा करा. ती विचारते: अँटिऑक्सिडंट गुण इतका चांगला असताना बुरशीविरोधी गुण का दिसत नाही, माझं कुठे चुकतंय? आणि आहे त्या निकालांवरून ‘त्वचेच्या बुरशीवर उपयुक्त’ असं प्रबंधात लिहिता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: नाही. का नाही, ते पुढे ओघात येईलच.

तुमच्या प्रश्नातला खरा घोळ एका ‘पण’मध्ये आहे. ‘अर्क चांगला अँटिऑक्सिडंट आहे, पण बुरशीवर चालत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. तो ‘पण’ काढून तिथे ‘आणि’ घाला. वाक्य लगेच साधं वाटायला लागेल, कारण या दोन गोष्टींमध्ये विरोध नाहीच. एकाच अर्काला तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारलेत आणि त्याने दोन वेगळी उत्तरं दिलीत. पहिल्या उत्तरावरून दुसऱ्याची अपेक्षा ठेवणं हीच या क्षेत्रातली सगळ्यात जुनी सवय आहे. मीही पहिली काही वर्षं तीच ठेवून होते, तेव्हा तुम्हाला दोष देत नाही.

आधी एक कबुली. वनस्पती कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. पानं कोणत्या ऋतूत तोडली, सावलीत वाळवली की ओव्हनमध्ये, मिथेनॉलमध्ये नुसती भिजत ठेवली की सॉक्सलेटमध्ये तासन्‌तास उकळली, हेही नाही. यातली प्रत्येक गोष्ट निकाल बदलू शकते. त्यामुळे तुमच्या प्लेटवर नेमकं काय झालं हे इथून छातीठोकपणे सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण काही गोष्टी तुम्ही दिलेल्या आकड्यांतूनच दिसतात.

डीपीपीएच चाचणीत काय होतं ते पाहा. डीपीपीएच हा एक स्थिर मुक्तमूलक (जोडी न जुळलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू), गर्द जांभळा. मिथेनॉलमध्ये विरघळवला की ५१७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो. त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देणारं काही भेटलं की रंग फिका होऊन पिवळसर होतो. १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी ही कल्पना मांडली आणि स्वस्त, सोपी, झटपट म्हणून ती जगभर पसरली. पण त्या नळीत पेशी नसते, आवरण नसतं, एन्झाइम नसतं, पाणीसुद्धा जवळपास नसतं. ‘तुझ्याकडे सहज सोडून देता येईल असा हायड्रोजन आहे का?’ एवढाच प्रश्न तिथे विचारलेला असतो. फिनॉलिक हायड्रॉक्सिल गट असलेले रेणू ‘हो’ म्हणतात. मिथेनॉलमध्ये आणि पाण्यात तेच भरभरून उतरतात: टॅनिन, फ्लॅव्होनॉइडचे ग्लायकोसाइड, गॅलिक आणि कॅफेइक आम्लाची मंडळी. तुमचा १८ हा आकडा एवढंच सांगतो की ही मंडळी अर्कात भरपूर आहेत.

आता बुरशीकडे या. तिच्या पेशीला बाहेरून ग्लुकान, कायटिन आणि मॅनोप्रोटीनची भिंत, तिच्या आत अर्गोस्टेरॉल असलेलं पटल. आज वापरात असलेली बहुतेक औषधं यांपैकीच कशावर तरी घाव घालतात. ॲम्फोटेरिसिन बी अर्गोस्टेरॉलला धरतं, ॲझोल गटातली औषधं अर्गोस्टेरॉल तयार होण्याची वाट अडवतात, एकायनोकँडिन ग्लुकान विणणाऱ्या एन्झाइमला थांबवतात. बुरशीला इजा करायची तर रेणूला आत शिरता आलं पाहिजे, पटलात घुसता आलं पाहिजे, नाहीतर तिला लागणारी एखादी गोष्ट तरी हिरावून घेता आली पाहिजे. साखरेचं ओझं अंगावर घेतलेला रुटिनसारखा फ्लॅव्होनॉइड डीपीपीएचला चुटकीसरशी फिका करतो, पण चरबीच्या पटलातून आत जाताना अडखळतो. ॲस्कॉर्बिक आम्लाचंच घ्या. तुमच्या चाचणीत ते पहिलं आलं. म्हणून त्याला बुरशीनाशक म्हणून कोणी कपाटात ठेवतं का?

दोन्ही गुण एकत्र आढळतात, नाही असं नाही. ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल हे लहान, चरबीत सहज मिसळणारे फिनॉल आहेत. फिनॉल असल्यामुळे ते डीपीपीएचला हायड्रोजन देतात आणि चरबीत मिसळत असल्यामुळे बुरशीच्या पटलात घुसून ते सैल करतात. रेणू एक, पण कारणं दोन. दालचिनीतल्या सिनामाल्डिहाइडकडे फिनॉलिक हायड्रॉक्सिल नाही, त्यामुळे डीपीपीएचमध्ये ते मागच्या बाकावर बसतं. बुरशीसमोर मात्र जोरदार. दारुहळदीतल्या बर्बेरिनचंही जवळपास तसंच.

लसणाचं उदाहरण तर मला नवीन विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडतं. पाकळी ठेचली की अलिनेज हे एन्झाइम अलिनपासून अलिसिन तयार करतं. हे अलिसिन बुरशीच्या प्रथिनांमधल्या आणि ग्लुटाथायोनमधल्या थायोल (गंधक-हायड्रोजन) गटांवर हल्ला चढवतं. म्हणजे त्याचा बुरशीविरोधी गुण हा मुळात ऑक्सिडीकरणाचा गुण आहे! त्याच नळीत सिस्टीन किंवा ग्लुटाथायोनसारखं थायोल असलेलं काही घाला, अलिसिनची धार बोथट होते. इथे अँटिऑक्सिडंट बुरशीच्या बाजूने उभा राहतो.

आपल्या शरीरातही हेच. बुरशीचा बीजाणू फुप्फुसात शिरला की न्यूट्रोफिल पेशी त्याच्यावर सुपरऑक्साइड आणि त्यापासून बनणाऱ्या इतर मुक्तमूलकांचा मारा करतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या आनुवंशिक आजारात ही मुक्तमूलकं तयार करणारं एन्झाइमच नीट चालत नाही आणि त्या रुग्णांना ॲस्परजिलसचा संसर्ग गंभीर स्वरूपात होतो. तेव्हा ‘मुक्तमूलकं शोषून घेतो, म्हणून बुरशी बरी करतो’ ही साखळी नुसती कच्ची नाही, तिची दिशाही उलटी असू शकते. डीपीपीएचच्या एका आकड्यावरून त्वचारोगाच्या मलमापर्यंत जाणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

हे झालं तत्त्व. आता तुमच्या वहीत डोकावते, कारण तुमचं प्रकरण मला ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ असं वाटतंय. ज्या हेक्झेन अर्कापुढे तुम्ही ‘टाकाऊ’ लिहिलं, त्यानेच झोन दिला. डीपीपीएचमध्ये तो नापास होणं स्वाभाविक आहे, कारण हेक्झेनमध्ये उतरतात मेणं, टर्पिन, स्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थ. बुरशीच्या पटलाशी मैत्री करणारे रेणूही बऱ्याचदा तिथेच सापडतात. या पानात अँटिऑक्सिडंट गुण ध्रुवीय भागात आणि बुरशीविरोधी गुण स्निग्ध भागात, अशी वाटणी झालेली असण्याची चांगलीच शक्यता आहे. चांगलीच म्हणते, खात्री म्हणत नाही. वेलच्या कडेपलीकडे जेमतेम दीड मिलिमीटरचा झोन म्हणजे सुगावा, पुरावा नव्हे.

मिथेनॉल अर्काचा झोन शून्य आला म्हणून तो निष्क्रिय, असंही लगेच म्हणू नका. आगर वेल पद्धतीत अर्कातल्या रेणूंना आधी ओल्या आगरमधून चालत जावं लागतं. लहान आणि पाण्यात विरघळणारे पळतात, मोठे आणि तेलकट बसून राहतात. ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरुद्धचं जबरदस्त औषध, पण रेणुभार ९२४. आगरमध्ये ते इतकं सावकाश सरकतं की त्याचा झोन लहानच राहतो. फ्लुकोनॅझोलचा रेणुभार ३०६, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, झोन मोठा. म्हणून फ्लुकोनॅझोल जास्त ताकदवान ठरतं का? मुळीच नाही. टॅनिन तर आगरमध्ये पाय रोवूनच बसतात. तेव्हा वेगवेगळ्या द्रावकांतले अर्क झोनच्या मिलिमीटरवर एकमेकांशी तोलणं सोडून द्या. चाळणी म्हणून ही पद्धत ठीक, तराजू म्हणून नाही.

आणखी एक हिशेब. तुम्ही ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अर्काचे १०० मायक्रोलिटर घातलेत, म्हणजे एका वेलमध्ये ५ मिलिग्रॅम. चाचणीसाठी मिळणाऱ्या फ्लुकोनॅझोलच्या डिस्कमध्ये २५ मायक्रोग्रॅम असतात. दोनशेपट माल ओतून दीड मिलिमीटर मिळाला, तर त्याला ‘उल्लेखनीय क्रिया’ म्हणताना हात थोडा आखडता घ्यावा.

ॲस्परजिलसच्या प्लेटवर फ्लुकोनॅझोल फेल गेलं म्हणून तुम्ही घाबरलात, पण त्यात तुमची चूक नाही. फ्लुकोनॅझोल ॲस्परजिलसवर चालतच नाही, ती बुरशी त्याला जन्मजात दाद देत नाही. चूक असलीच तर कंट्रोल, म्हणजे तुलनेचं औषध, निवडण्यात आहे आणि ती इतकी सर्रास होते की छापलेल्या शोधनिबंधांतही मला दिसली आहे. ॲस्परजिलससाठी व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल किंवा ॲम्फोटेरिसिन बी घ्या. कँडिडाच्या गटातही पूर्वी कँडिडा क्रुसाय म्हणायचे ती प्रजाती फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही, तेव्हा पुढे प्रजाती वाढवणार असाल तर हे लक्षात ठेवा.

तेव्हा तोच प्रयोग तसाच पुन्हा करण्यात मला अर्थ दिसत नाही. पद्धत बदला. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात अर्काच्या उतरत्या पायऱ्या लावून वाढ पाहणं) करा आणि तेही घरगुती पद्धतीने नको, सीएलएसआय किंवा युकास्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थांच्या ठरलेल्या पद्धतीने. सीएलएसआयची यीस्टसाठी एम-२७ आणि तंतुमय बुरशीसाठी एम-३८ अशी मानकं आहेत. माध्यम आरपीएमआय-१६४०, मॉप्स या बफरने पीएच ७.० ला बांधलेलं. कँडिडाचं अंतिम इनॉक्युलम (घातलेल्या बुरशीचं प्रमाण) मिलिलिटरला ५०० ते २,५०० पेशी, ३५ अंशांवर ठेवून २४ तासांनी वाचन. ॲस्परजिलससाठी मिलिलिटरला साधारण ४,००० ते ५०,००० बीजाणू आणि वाचन साधारण ४८ तासांनी. इनॉक्युलम गडद झालं की एमआयसी (वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण) उगाच फुगते, पातळ झालं की साधा अर्कही शूर वाटायला लागतो. हे आकडे किचकट वाटतील, पण ते पाळले तरच तुमचा निकाल दुसऱ्या कोणाच्या निकालाशेजारी ठेवता येतो. दर वेळी कँडिडा पॅराप्सिलोसिसचा एटीसीसी २२०१९ हा ठरलेला स्ट्रेनही सोबत लावा. त्याच्यावर औषधाचा आकडा नेहमीच्या मर्यादेत आला नाही, तर त्या दिवसाची अख्खी प्लेट रद्द.

अर्क डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असा विरघळवा. माध्यमात १ टक्का घातला की वरची पायरी १,००० मायक्रोग्रॅमची होते. पुढच्या दुप्पट-दुप्पट पातळ पायऱ्या आधी डीएमएसओमध्येच करा आणि मग माध्यमात घाला, म्हणजे प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ १ टक्काच राहतो. वाढीच्या कंट्रोलमध्येही तेवढाच घाला. डीएमएसओ स्वतः बुरशीला त्रास देतो. किती, ते बुरशीवर आणि प्रमाणावर अवलंबून आहे.

आता ज्या कंट्रोलवरून मी विद्यार्थ्यांच्या मागे हात धुऊन लागते तो: अर्क आहे, माध्यम आहे, पण बुरशी नाही. प्रत्येक पायरीला असा एक वेल हवाच. स्निग्ध अर्क माध्यमात पडला की गढूळ होतो, तळाला साका बसतो आणि डोळ्यांना ती हुबेहूब बुरशीची वाढ वाटते. गडद हिरवा अर्क असेल तर गढूळपणा कळतच नाही. बुरशी नसलेला वेल शेजारी असला की वाद मिटतो.

या कंट्रोलचं महत्त्व मी पुस्तकात वाचून शिकले नाही. सुरुवातीच्या काळात एका सालीच्या अर्कावर काम करत होते. वाचन सोपं व्हावं म्हणून रेझाझुरिन वापरलं. निळा रंग, जिवंत पेशींनी त्याचं क्षपण केलं की गुलाबी. माझे सगळे वेल गुलाबी झाले, अगदी १,००० मायक्रोग्रॅमचाही. म्हणजे बुरशी मजेत वाढतेय, अर्क निकामी. वहीत तसं लिहून मी तो अर्क बाजूला सारला. काही दिवसांनी चुकून बुरशी न घालताच एक ओळ भरली गेली आणि तीही तासाभरात गुलाबी! अर्कातले फिनॉलच रेझाझुरिनचं क्षपण करत होते. बुरशी होती-नव्हती, रंगाला काहीच फरक पडत नव्हता. नंतर वेलमधला थेंब साध्या सॅबुरो प्लेटवर पसरून पाहिला, तेव्हा वरच्या तीन पायऱ्यांवर एकही वसाहत उगवली नाही.

यातली गंमत लक्षात घ्या. अर्क जितका चांगला अँटिऑक्सिडंट, तितका तो रंग बदलण्यावर बेतलेल्या चाचण्यांना जास्त फसवतो. रेझाझुरिनला फसवतो, एमटीटी या तशाच रंग बदलणाऱ्या द्रव्यालाही. तुमच्या १८ या आकड्याचा बुरशीच्या चाचणीशी काही थेट संबंध असेल, तर तो हाच: तुमच्या मिथेनॉल अर्काच्या बाबतीत रंगावर विश्वास ठेवू नका. डोळ्यांनी वाढ पाहा, शंका आली तर वेलमधून काढून, पातळ करून, प्लेटवर पसरून वसाहती मोजा. पातळ करणं विसरू नका. वेलमधला अर्क थेंबासोबत प्लेटवर गेला की तिथेही बुरशीला दाबून ठेवतो आणि नुसतं वाढ थांबवणारं काहीतरी बुरशी मारणारं म्हणून नोंदलं जातं.

फसगत उलट्या दिशेनेही होते. पायरोगॅलॉल किंवा कॅटेकॉल गट असलेले फिनॉल पीएच ७ च्या माध्यमात स्वतःच ऑक्सिडाइझ होतात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मग बुरशी थांबते ती पेरॉक्साइडमुळे आणि श्रेय जातं वनस्पतीला. मिथेनॉल अर्काची एमआयसी मिळालीच, तर एका ओळीत कॅटेलेज हे पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम घालून तीच मांडणी परत लावा. क्रिया गायब झाली, तर ती बाटलीतली करामत होती, पानाची नव्हे. टॅनिन लोह धरून ठेवतात, त्यामुळेही बुरशीची वाढ मंदावते. तो परिणाम खरा असतो, पण त्यावरून औषधाची स्वप्नं पाहायची की नाही ते वेगळं.

अर्क काढण्याबद्दल फार लांबण लावत नाही, एकच सांगते. पानांना चुरगळल्यावर वास येतो का? येत असेल तर त्यात बाष्पनशील तेल आहे आणि तुम्ही मिथेनॉल उडवण्यासाठी रोटरी इव्हॅपोरेटरवर निर्वात लावून तासभर फिरवलंत, तर मिथेनॉलबरोबर त्यातला बराच भागही गेला. मागे राहिले ते न उडणारे जड फिनॉल. म्हणजे डीपीपीएच शाबूत, बुरशीविरोधी गुण हवेत. अशा वनस्पतीसाठी क्लेव्हेंजर उपकरणात बाष्प-ऊर्ध्वपातन करून तेल वेगळं काढा आणि ते वेगळंच तपासा. तेल ९६ वेलच्या प्लेटवर लावताना शेजारचे वेल मोकळे सोडा किंवा प्लेट नीट बंद करा. वाफ शेजाऱ्याच्या वेलमध्ये शिरते आणि काही न घातलेल्या ओळीतही बुरशी उगवत नाही. हे पाहून एकदा आम्ही दोन दिवस इनॉक्युलमला दोष देत बसलो होतो.

आता तुमच्या मूळ कुतूहलाकडे येते, म्हणजे दोन्ही गुण एकाच घटकाचे आहेत की वेगवेगळ्या. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. टीएलसी (सिलिकाच्या पातळ थरावर घटक वेगळे करण्याची पद्धत) पुरते. सिलिकाच्या तीन सारख्या प्लेट घ्या, तिन्हींवर तेच तीन अर्क तेवढ्याच प्रमाणात लावा आणि एकाच द्रावकात चालवा. एक प्लेट संदर्भासाठी ठेवा, अतिनील दिव्याखाली पाहून पट्ट्यांवर खुणा करा. दुसरीवर डीपीपीएचचं मिथेनॉलमधलं द्रावण फवारा: जांभळ्या पार्श्वभूमीवर जिथे पिवळे ठिपके येतील तिथे अँटिऑक्सिडंट. तिसरीवर क्लॅडोस्पोरियम या गडद रंगाच्या बुरशीचे बीजाणू पोषक द्रावणात मिसळून फवारा आणि दमट डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. प्लेट काळपट होते आणि बुरशीविरोधी घटक असतील तिथे पांढरे डाग राहतात. होमन्स आणि फुक्स यांनी १९७० मध्ये दिलेली ही युक्ती आजही माझी सगळ्यात लाडकी आहे, कारण इथे आगरमधून चालत जाण्याची भानगडच नाही.

तिन्ही प्लेट शेजारी ठेवा आणि आरएफ (ठिपका द्रावकाच्या तुलनेत किती वर चढला ते) जुळवा. पिवळा ठिपका आणि पांढरा डाग एकाच उंचीवर आले, तर एकच घटक दोन्ही कामं करत असावा (किंवा दोन घटक एकमेकांवर चढून बसलेत, तेव्हा द्रावक बदलून पुन्हा चालवा). वेगळ्या उंचीवर आले, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्लेटवरच लिहिलेलं मिळेल. प्रबंधात असं एक चित्र दहा पानी चर्चेपेक्षा जास्त बोलतं. दोन खबरदाऱ्या: द्रावकात फॉर्मिक आम्ल वापरलं असेल तर प्लेट पूर्ण वाळू द्या, उरलेलं आम्लच बुरशी मारतं आणि मग सगळीकडे पांढरंच पांढरं. आणि ही पद्धत कँडिडावर आगरचा थर ओतून, एमटीटीने रंगवून करायची ठरवलीत, तर मघाची गोष्ट आठवा: जिथे फिनॉलचा पट्टा आहे तिथे एमटीटी आपोआप जांभळं होऊन झोन झाकून टाकू शकतं.

आकडे कसे लिहायचे, तेही विचारात घ्या. डीपीपीएचचा आयसी-५० तुम्ही घेतलेल्या डीपीपीएचच्या प्रमाणावर आणि वेळेवर अवलंबून असतो, म्हणून दुसऱ्या शोधनिबंधातल्या आकड्याशी थेट तुलना नको. त्याच दिवशी लावलेल्या ॲस्कॉर्बिक आम्लाशी किंवा ट्रोलॉक्स या प्रमाण अँटिऑक्सिडंटशी करा, ती तुम्ही केलीतच. पण अर्काच्या स्वतःच्या रंगासाठी ब्लँक लावला होता का? हिरव्या अर्काचं शोषण वजा केलं नाही तर क्रिया आहे त्यापेक्षा कमी दिसते आणि आयसी-५० उगाच वाढतो. जमल्यास ७३४ नॅनोमीटरवरची एबीटीएस ही दुसरी मुक्तमूलक चाचणी जोडा. फोलिन-सिओकाल्टोचा ‘एकूण फिनॉल’ हा आकडा देताना लक्षात असू द्या की ते अभिकर्मक ॲस्कॉर्बिक आम्लाला आणि काही शर्करांनाही प्रतिसाद देतं.

बुरशीच्या बाजूला साधारण संकेत असा: कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आली तर काम पुढे नेण्यासारखं, १,००० च्या वर गेली तर मोठे शब्द वापरू नयेत. मधल्या पट्ट्यात तुमचा आणि मार्गदर्शकांचा विवेक. तुलनेसाठी, संवेदनशील कँडिडा अल्बिकन्ससाठी फ्लुकोनॅझोलची एमआयसी २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असते. अर्क म्हणजे शेकडो घटकांचं मिश्रण, त्याने शुद्ध औषधाशी बरोबरी करावी अशी अपेक्षा नाही. मात्र ती दरी वाचकाला दिसली पाहिजे.

त्वचेचा मुद्दा राहिला. त्वचेवरच्या गजकर्णासारख्या संसर्गात मुख्यतः ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम आणि एपिडर्मोफायटॉन या केराटिन खाणाऱ्या बुरशी असतात. ॲस्परजिलस नायगर हा त्यांचा प्रतिनिधी नव्हे. कँडिडा त्वचेवर होते, पण तिच्यावरून ट्रायकोफायटॉनबद्दल बोलता येत नाही. त्वचा हा शब्द वापरायचाच असेल तर ट्रायकोफायटॉन रुब्रमवर चाचणी लावा. तिची वाढ सावकाश असते, चार दिवस धीर धरावा लागतो. आणि बुरशीची पेशी आपल्या पेशीसारखीच केंद्रक असलेली असल्यामुळे जे तिला मारतं ते आपल्यालाही इजा करू शकतं. सॅपोनिनने भरलेला अर्क बुरशीचं पटल फोडतो आणि तितक्याच सहज तांबड्या पेशीही फोडतो. सस्तन पेशींवरची विषारीपणाची चाचणी झाल्याशिवाय ‘उपयुक्त’ हा शब्द मी तरी लिहू देत नाही.

आजच्या घडीला तुम्हाला प्रामाणिकपणे लिहिता येईल ते एवढं: ‘मिथेनॉल अर्काने डीपीपीएच चाचणीत लक्षणीय क्रिया दाखवली, आगर वेल पद्धतीत त्याची बुरशीविरोधी क्रिया आढळली नाही, हेक्झेन अर्काने कँडिडा अल्बिकन्सवर अल्प क्रिया दाखवली, दोन्ही गुण वेगवेगळ्या घटकांमुळे असण्याची शक्यता तपासण्याजोगी आहे.’ मार्गदर्शकांना हे कमी वाटलं तर त्यांना टीएलसीची कल्पना सांगून पाहा. परीक्षकापुढे उलट हे जास्त टिकतं.

आणि ब्रॉथ, टीएलसी वगैरेची तयारी होईपर्यंत उद्या एकच छोटी प्लेट लावा. कँडिडा, तीन वेल. एकात हेक्झेन अर्क, एकात फ्लुकोनॅझोल आणि तिसऱ्यात नुसता डीएमएसओ, १०० मायक्रोलिटर, अर्क विरघळवायला वापरला तोच, त्याच बाटलीतला. तुमच्या प्रश्नात या तिसऱ्या वेलचा उल्लेख कुठेच नाही. त्याच्याभोवतीही ११ मिलिमीटर आले, तर मी वर हेक्झेनची जी बाजू घेतली ती विसरा आणि मला परत लिहा.